आतली मूठ

ता. २, रविवार

खोली झाली. सुतार दुपारी हत्यारं गोळा करून गेला. जाताना म्हणाला, "साहेब, आता आत ढोल बडवा, बाहेर मुंगीला कळायचं नाही." मी म्हटलं, मुंगीचं राहू दे, खालच्या बाईंना कळलं नाही म्हणजे मिळवली.

खालच्या बाई म्हणजे आमच्या बरोबर खाली राहणाऱ्या, जन्मभर भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या शिक्षिका. मी तबकडी लावली की त्या काठीने छत ठोकायच्या, आणि तेही तालात नाही. बेताल माणसाशी वाद घालता येत नाही. म्हणून मुलीच्या रिकाम्या खोलीत मी दुसरी खोली बांधून घेतली. भिंतीच्या आत भिंत, मध्ये काचेची लोकर, जमीन रबराच्या ठोकळ्यांवर तोललेली. हवेसाठी वेडीवाकडी वळणं घेणारी नळी, म्हणजे हवा येते पण आवाज वाटेतच दमतो. दार हातभर जाड म्हटलं तरी चालेल, कडेने रबराची पट्टी. ओढून घेतलं की 'फक्' होतं आणि जग बंद.

बाहेर दाराच्या वर लाल दिवा लावलाय. वाजवायचं यंत्र, आतला दिवा आणि हा लाल दिवा, तिन्ही एकाच बटणावर, कारण वेगवेगळी बटणं ठेवली की बारीक गुणगुण येते आणि ती मला खपत नाही. नियम साधा: लाल दिवा असेल तर दार उघडायचं नाही, ठोकायचं नाही, हाक मारायची नाही. हिने विचारलं, "आणि घराला आग लागली तर?" मी म्हटलं, लहान आग असेल तर नाही.

ही हसली नाही. ही अजून नोकरीत आहे, दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासते. थकून येते, त्यामुळे विनोद जरा उशिरा पोचतो.

निवृत्तीनंतर लोक फिरायला जातात, मी आत जाणार आहे. ज्या वादकांनी मला इतकी वर्षं जगवलं, त्यांना आता नीट ऐकणार आणि प्रत्येकाबद्दल इथे दोन शब्द लिहून ठेवणार.

ता. ४, मंगळवार

पहिला मान आजोबांना. मी माझ्या वादकांना नावांनी ओळखत नाही. देवाला कुणी आडनावाने हाक मारत नाही. आजोबा म्हणजे चेलो वाजवणारे ते म्हातारे. दोन-तीनशे वर्षांपूर्वी कुणी तरी लिहून ठेवलेले तुकडे त्यांनी म्हातारपणी, एका रिकाम्या सभागृहात, एकट्याने वाजवले. साथीला कुणी नाही. एक माणूस, एक लाकडी पेटी आणि चार तारा. तरी वाटतं की खोलीत दोघं बोलताहेत, एक खालच्या आवाजात विचारतोय आणि दुसरा जरा थांबून उत्तर देतोय.

आज चमत्कार झाला. संथ भाग सुरू होण्याआधी मला त्यांची खुर्ची ऐकू आली. आजोबा पुढे सरकले, खुर्ची करकरली, त्यांनी श्वास घेतला आणि मग गज तारेला लागला. ही तबकडी मी तरुणपणापासून ऐकतोय, पण खुर्ची आज ऐकली. डोळ्यांत पाणी आलं. जगातला एवढा मोठा माणूस तुमच्या-आमच्यासारखा खुर्चीत सावरून बसतो, हे कानांनी दिसलं.

धावत बाहेर येऊन हिला सांगितलं. ही जेवणाच्या टेबलाशी बसून काही कागद वाचत होती. म्हणाली, "आपली पण करकरते. पाय ढिला झालाय, किती दिवस सांगतेय." आणि खरंच, बोलता बोलता ती हलली तशी खुर्ची कुरकुरली. कुठे आजोबांची खुर्ची आणि कुठे ही!  पाय ठोकायला हवा खरा. असल्या बारीकसारीक आवाजांचा वैताग येऊनच तर खोली बांधली.

ता. ७, शुक्रवार

आज त्या चौघांचा दिवस होता. गिटारवाला 'करवत', गाणारा 'कोंबडा', बास वाजवणारा गप्प बसणारा एक, आणि ड्रमवाला, त्याला मी 'मागचा' म्हणतो. वडील असेपर्यंत यांना घरात येऊ दिलं नव्हतं. वडील म्हणायचे, "हे गाणं नाही, डबे पडलेत." मी तेव्हा करवतीवर फिदा होतो. त्याने गिटार हातात घेतली की अंगावर काटा यायचा, आणि कोंबडा ओरडला की आपण काही तरी मोडून टाकावंसं वाटायचं. मोडलं काहीच नाही. लिफ्ट तपासनीसाची नोकरी धरली आणि लोकांची दारं नीट उघडतात ना, हे पाहत राहिलो.

या वयात मात्र मागचाच खरा वाटतो. त्याचा ठोका नेहमी केसभर उशिरा पडतो. पूर्वी वाटायचं, हा आळशी आहे. आज खोलीत कळलं, तो कोंबड्याचं वाक्य पुरं होण्याची वाट पाहतो. हात वर उचललेला असतो, पण समोरच्याचं बोलून झाल्याशिवाय खाली येत नाही. एवढ्या गोंगाटात बसून दुसऱ्याचं ऐकणं ही साधी गोष्ट नाही. पुढे चौघं भांडून वेगळे झाले तेव्हा तिघं मुलाखती देत फिरले. हा एकटा बोलला नाही.

जेवताना डोक्यात तोच ठेका होता. ही काही तरी सांगत होती. दुसऱ्या गावचा मोठा दवाखाना, तिथल्या प्रयोगशाळेची मुख्य, वगैरे. मी ताटाच्या कडेवर बोटाने मागच्याचा ठोका धरत होतो आणि तो जमता जमता निसटत होता. "मग मी हो कळवू का?" असं हिने विचारलं तेव्हा नेमका जमला. मी म्हटलं, कळव. "नक्की?" नक्की. ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती. बायकांना एकदा हो म्हटलेलं पुरत नाही.

ता. ११, मंगळवार

दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. 'जाड्या'ची तबकडी लावली होती. जाड्या म्हणजे जॅझमधला तो उभा बास वाजवणारा, हत्तीएवढा माणूस आणि मांजरीच्या पावलांनी चालणारी बोटं. पियानोवाला कितीही भरकटला तरी जाड्या खालून घराचा पाया धरून असतो. पण त्याच्या सर्वांत खालच्या सुराला खोलीत कुठे तरी 'झर्र' व्हायला लागलं. म्हणजे दुधात माशी.

छत तपासलं, नळी तपासली, शेल्फावरच्या तबकड्या उतरवून पुन्हा लावल्या. चष्मा काढून ठेवला. माझे दात तर नाहीत ना, तेही बघितलं. शेवटी भिंतीला कान लावून लावून चोर सापडला: दाराची आतली मूठ. जाड्या खालच्या सुरावर गेला की ती आपल्या भोकात थरथरायची.

काढून टाकली. दांड्यासकट बाहेर ओढली आणि भोकात लोकरीचा बोळा भरला. बाहेरची मूठ वेगळ्या दांड्यावर आहे, ती तशीच. आतली शेल्फावर ठेवलीय. बाहेर यायचं असेल तेव्हा बोळा काढायचा, मूठ घालायची, फिरवायची. हिला दाखवलं तर म्हणाली, "आणि मूठ सापडली नाही तर?" मी म्हटलं, चार भिंतींत जाईल कुठे? आणि दार या विषयातलं मला कुणी शिकवू नये. लिफ्टच्या दारांनी मला जन्मभर पोसलंय.

ता. १२, बुधवार

जाड्या आता स्वच्छ. जिन्यात खालच्या बाई भेटल्या. म्हणाल्या, "हल्ली तुमचं काही ऐकू येत नाही. बरे आहात ना?" मी म्हटलं, ठणठणीत. बाईंचा चेहरा जरा पडल्यासारखा वाटला. ठोकायची सवय झाली असणार.

ता. १५, शनिवार

आज 'दमेकरी'. ट्रंपेटवाला. त्याला दमा होता की नाही मला माहीत नाही, पण तो वाजवतो कमी आणि थांबतो जास्त. इतर ट्रंपेटवाले एका दमात जिना चढून दाखवतात. हा दोन पायऱ्या चढतो आणि कठड्याला टेकून उभा राहतो. त्या थांबण्यात पुढचा सूर काय असेल याची आपण वाट बघत राहतो, आणि तो आला की वाटतं, हाच हवा होता.

माझ्या सगळ्या मंडळींत हिला फक्त हा आवडतो. लग्नानंतर भाड्याची खोली होती तेव्हा आमच्याकडे एकच तबकडी होती, ती याचीच. ही जमिनीवर बसून कपड्यांच्या घड्या घालायची आणि त्याच्या थांबण्यात मध्येच काही तरी बोलायची. मला राग येत नसे. आठवून बरं वाटलं, म्हणून आज हिला आत बोलावलं.

खोलीत खुर्ची एकच आहे. नीट ऐकू येईल अशी जागाच एक असते, तिथे ती ठेवलीय. ही म्हणाली, "तुम्ही बसा, मी उभी राहते." थोडा वेळ भिंतीला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "घरभर ऐकू यायचं तेव्हा जास्त छान वाटायचं. काम करता करता." मी तिला आवाजाच्या परावर्तनाबद्दल समजावून सांगत होतो, तेवढ्यात तिला काही तरी आठवलं आणि ती बाहेर गेली. सध्या कपाटं आवरायला काढलीत.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. "बाबा, आईचं ऐकून मला इतकं बरं वाटलं. तुम्ही एवढ्या सहज हो म्हणाल असं वाटलंच नव्हतं." मी म्हटलं, त्यात काय. "नाही हो, खरंच. तुम्हाला जड जाणार, पण तुम्ही तिला अडवलं नाहीत." पोरीचं लग्न झाल्यापासून बोलणं फार गोलगोल झालंय. पण तिला माझं कौतुक वाटतंय हे खरं. खोलीचं असणार.

ता. १९, बुधवार

मूठ शेल्फावर पडल्या पडल्याही किणकिणते. फार बारीक, पण एकदा कळलं की दुसरं काही ऐकू येत नाही. आज ती बाहेर नेऊन टेबलावर ठेवली, फोनशेजारी. फोन तर आत नेतच नाही, तो जवळ असला की यंत्रात टकटक होते. दाराला खाली रबराची पाचर लावून ते बोटभर उघडं ठेवायचं असं ठरवलंय. हिच्या कामाच्या वेळात घर तसंही शांत असतं.

रात्री हिने विचारलं, "शुक्रवारी दुपारी घरी आहात ना?" मी म्हटलं, मी जाणार कुठे? "मग निघताना भेटूच," म्हणाली. भेटूच म्हणजे काय, रोजच भेटतो. ही अलीकडे दमलेली दिसते.

ता. २१, शुक्रवार

खोलीत लिहितोय. वही बरोबर आणली होती हे नशीब.

प्रकार हसण्यासारखा आहे. हिने आज रजा घेतलीय आणि सकाळपासून बाहेर ओढाओढी चाललीय. जड काही तरी फरशीवरून सरकतंय, चेन लावल्याचे आवाज, कपाटाची दारं. मी आजोबा लावले होते. खुर्ची करकरणार, त्या क्षणाची वाट बघत होतो आणि नेमकी बाहेर ती मोठी चेन झर्रकन ओढली गेली. माझं डोकंच फिरलं. उठलो, पाचर लाथेने उडवली आणि दार ओढून घेतलं. म्हटलं, एवढी एक बाजू संपेपर्यंत.

बाजू संपली. हात शेल्फाकडे गेला. मूठ बाहेर आहे.

लिफ्ट तपासनीस स्वतःच्या घरात अडकला, हे जुन्या कचेरीत कळलं तर माझं काही खरं नाही. असो. ही घरात आहे. चहाच्या वेळी येईल. तोपर्यंत करवतीची एकट्याची तबकडी ऐकतो.

नंतर.

चहाची वेळ होऊन गेली असावी. घड्याळ मी आत ठेवलेलं नाही, टिकटिक करतं. तबकड्यांच्या बाजूंवरून अंदाज करतोय. करवत झाला, चौघं झाले. दार ठोकून पाहिलं. हात दुखला, आवाज झाला नाही. ओरडलो तर शब्द पायाशीच पडले. भिंती आवाज खातात. मीच त्यांना शिकवलंय.

भोकात पेन घालून फिरवलं तर पेन तुटलं. आता पेन्सिलीने लिहितोय. ती भोकात घालणार नाही.

नंतर.

तहान लागलीय. पाण्याचा तांब्या आत आणायचा नाही हा नियमही माझाच, कारण सांडलं तर तबकड्या जातील.

एक युक्ती केली. यंत्राच्या दोन कर्ण्यांपैकी एक जमिनीवर पालथा घातला आणि जाड्याला पूर्ण आवाजात सोडला. पायांखालून थरथर येत होती. बाई, उचला काठी. आज बेताल ठोकलंत तरी चालेल. जाड्याने सगळे खालचे सूर वाजवून झाले, पण काठी आली नाही. रबराचे ठोकळे चांगल्या प्रतीचे होते, सुतार खोटं बोलला नव्हता.

माणसाला इतका चांगला पाया कशाला हवा असतो, असं आज पहिल्यांदा वाटलं. जाड्याचा दोष नाही. तो नेहमीसारखाच वाजवत होता. मीच त्याच्याकडून भलतं काम करून घेत होतो.

नंतर.

आता दमेकरी लावलाय. दोन्ही कर्णे दाराकडे तोंड करून, आवाज शेवटच्या टोकाला. हिला आवडतो. काही तरी तर फटीतून जाईल. बाहेर गेला तर हिला कळेल की मी हाक मारतोय, कारण मी एरवी त्याला इतक्या मोठ्याने कधी वाजवत नाही.

तो थांबला की मी दाराला कान लावतो. मग तो पुन्हा दोन सूर वाजवतो आणि मी पुन्हा वाट बघतो. इतकी वर्षं मी म्हणत आलो की याचं थांबणं सुंदर आहे. आज कळतंय की ते सुंदरबिंदर नाही. माणूस थांबतो तेव्हा पलीकडून कुणी तरी बोलावं अशी त्याची अपेक्षा असते. हिला ते त्या भाड्याच्या खोलीतच कळलं होतं. तो थांबला की ती बोलायची.

संपली की पुन्हा पहिल्यापासून लावतो. दाराला लावून लावून कान गरम झालाय.

नंतर.

मला हिचा राग आलाय. घरातला माणूस सकाळपासून दिसत नाही, जेवला नाही, चहा प्यायला नाही, आणि हिला दार उघडून बघावंसं वाटत नाही? काय एवढी कपाटं आवरायची? एवढं कसलं मन दगडाचं?

लाल दिवा.

मूर्खासारखा बसून राहिलोय. यंत्र चालू म्हणजे दिवा चालू. मी मदतीला हाक मारतोय आणि बाहेर दारावर लिहिलंय की येऊ नका. जितका वेळ हाका मारल्या, तितका वेळ तिला दूर ठेवलं. ही नियम पाळते. नळाखाली भांडं ठेव म्हटलं तर महिनाभर ठेवील. मी सांगितलं होतं, लहान आग असेल तर नाही.

बंद करायला हवं. बंद केलं की आतला दिवाही जाणार. अडकलेल्या लोकांशी मी कित्येकदा लिफ्टच्या फटीतून बोललोय: शांत बसा, अंधाराला घाबरू नका, आम्ही आहोत इथे. फटीतून बोलणारा कुणी तरी असतो, हा फरक आहे.

मला भीती वाटते. अंधाराची नाही म्हणवत, पण सगळं एकदम थांबेल त्याची वाटते. लग्न झाल्यापासून घरात मी जागा असताना काही वाजत नाही, असं फार थोडा वेळ झालं असेल.

करतो बंद.

अंधारात लिहितोय. ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्या असतील.

काही ऐकू येत नाही. खोली खरंच छान झालीय. माझाच श्वास, आणि कानात रक्ताची घरघर. मग हळूहळू हिचा आवाज यायला लागला. बाहेरून नाही. आतूनच. दुसऱ्या गावचा मोठा दवाखाना. प्रयोगशाळेची मुख्य म्हणून मला बोलावलंय. तीन वर्षं तरी. मग मी हो कळवू का. नक्की. शुक्रवारी दुपारी घरी आहात ना. निघताना भेटूच.

सगळं शब्दन् शब्द होतं कानात. आवाज कमी करून ठेवल्यासारखं.

ही चाललीय. आज चाललीय. मी हो म्हटलंय.

ता. २२, शनिवार

काल लिहिण्याच्या स्थितीत नव्हतो.

दार रात्री खालच्या बाईंनी उघडलं. एकदम उजेड डोळ्यांवर आला आणि त्यात बाई काठी घेऊन उभ्या. "अहो, असे अंधारात काय बसलात?" म्हणाल्या. मी आधी पाणी मागितलं. त्यांनी माझ्याच स्वयंपाकघरातून आणून दिलं. पिऊन झाल्यावर मग मला ती दिसली. दाराच्या अगदी समोर, दाराकडे तोंड करून ठेवलेली खुर्ची. जेवणाच्या टेबलाची, ढिल्या पायाची. खाली फरशीवर दोन कप. एक रिकामा होता, दुसऱ्यावर बशी झाकलेली.

"त्या बसल्या होत्या इथे," बाई म्हणाल्या. "किल्ली द्यायला खाली आल्या, तेव्हा मी सामानाला हात लावायला वर आले. गाडी खाली येऊन थांबलेली. गाडीवाला दोनदा वर येऊन गेला. मी म्हटलं, अहो ठोका ना दार, असं कसं जाता? तर म्हणाल्या, दिवा आहे. त्यांचं संपू दे."

"केव्हा निघाली?"

"समोरची शाळा सुटली ना, तेव्हा. पोरांचा गलका चालला होता. उठताना म्हणाल्या, दिवा गेला की जरा बघून या, ते जेवले नाहीत. संध्याकाळी मी एकदा येऊन गेले. दिवा होता तसाच, परत गेले. आम्हाला वाटलं, तुमची समाधी लागलीय."

मी हिशेब मांडत बसलो होतो. आजोबा सकाळी, मग करवत, मग चौघं, मग जाड्या जमिनीवर पालथा. शाळा सुटण्याच्या सुमाराला दमेकरीच असणार. म्हणजे मी दाराला कान लावून उभा होतो आणि दाराच्या पलीकडे, हाताच्या अंतरावर, ही खुर्चीत बसली होती. मी तिला हाक मारत होतो आणि ती माझं संपायची वाट बघत होती. खुर्ची करकरली असेल. ती बसली असेल, हलली असेल, उठली असेल. मला आजोबांची खुर्ची ऐकू येते.

बाईंसमोर रडू आलं. त्या कप उचलून घेऊन गेल्या आणि विसळून ठेवले. झाकलेला चहा ओतून देताना मी बघितलं, त्यावर साय धरली होती.

मूठ टेबलावर होती, फोनशेजारी, मी ठेवली तशी. हिने सामान बांधताना ती पाहिलीही असेल. तिला वाटलं असेल, मी काही तरी विचार करूनच बाहेर ठेवलीय. माझं सगळं विचार करूनच असतं, असं तिला मीच सांगत आलोय.

फोनवर तिचा निरोप होता. पोचले. जेवण फ्रीजमध्ये आहे.

आज दिवसभर फोन हातात घेतोय आणि ठेवतोय. काय सांगू? मी तुला जाऊ नको म्हणणार होतो, असं? खरं तर काय म्हटलं असतं ते मलाच माहीत नाही. कदाचित सगळं ऐकूनही हो म्हटलं असतं. पण ते हो वेगळं असतं. घर शांत आहे. खोलीएवढंच शांत. आता दार उघडं आहे आणि जायला जागा नाही.

तबकडी लावली नाही.

ता. २३, रविवार

दुपारी मी फोन केला. तिने पहिल्याच घंटीला उचलला.

"संपलं का?" ती म्हणाली. खोलीतून बाहेर आलो की नेहमी हेच विचारते.

मी सगळं सांगितलं. पाचर, मूठ, जाड्याला पालथा घातला तो, तुटलेलं पेन. मूठ बाहेर आणि मी आत, हे ऐकून ती हसायला लागली. थांबेचना. "अहो, लिफ्टवाले तुम्ही!" म्हणाली आणि पुन्हा हसली. मीही हसलो. मग ती हसता हसता थांबली.

"म्हणजे तुम्ही आत अडकला होतात."

"हो."

"आणि मी बाहेर बसले होते."

"बाईंनी सांगितलं."

"मला वाटलं, तुम्हाला निरोप घ्यायचा नाहीये. म्हणून दिवा ठेवलाय."

मी म्हटलं, त्या दिवशी जेवताना तू विचारलंस तेव्हा मी हो म्हटलं खरं, पण मी ऐकलंच नव्हतं. एवढं बोलायला मला फार वेळ लागला.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "म्हणून तर दोनदा विचारलं."

  फोन चालू होता. एरवी मी अशा वेळी काही तरी बोलून टाकतो, निदान घसा खाकरतो. आज मागच्यासारखा हात वर धरून बसलो. तिच्याकडे पंखा होता, त्याचं एक पातं कुठे तरी घासत होतं. बाहेरून कुणी तरी चाकांची गाडी ढकलत नेली. कुणी खोकलं. मग तिचा श्वास, जरा सर्दी झाल्यासारखा. नवीन जागेचं पाणी असेल. हे सगळं ऐकू येत होतं.

पाय अवघडला म्हणून मी जरा सरकलो. खुर्ची करकरली.

"त्या खुर्चीत बसलाय?" ती म्हणाली.

"हो."

"तिथेच? दारासमोर?"

"हो."

ती पुन्हा थांबली. पंखा घासत राहिला.

"पाय ढिला आहे तिचा," ती म्हणाली. "जपून बसा."

मी हललो नाही. तिनेही फोन ठेवला नव्हता.